आलीस, तर हो

होबार्टच्या धक्क्याजवळच्या पबच्या माडीवर आम्ही पायथनवाले, म्हणजे त्या संगणकभाषेत प्रोग्रॅम लिहिणारे, महिन्यातून एकदा जमतो. त्या संध्याकाळी माझी भर सभेत फजिती झाली. मी आर्गपार्सची, म्हणजे प्रोग्रॅम चालवताना दिलेल्या सूचना वाचणाऱ्या साधनाची, बाजू मांडत होते — पायथनसोबतच मिळतं, बाहेरून काही आणावं लागत नाही. माझ्या प्रोग्रॅमच्या 'सगळ्यांना मेल पाठवू का?' या पर्यायापुढे मी ऐटीत 'फॉल्स', म्हणजे 'नाही', लिहिलं… आणि खोलीतले सगळे फोन एकदम वाजले!

"टॅम्सिन, तुझं आर्गपार्स कुठलाही शब्द 'हो'च धरतंय," मागून कुणीतरी म्हणालं. ओलं जॅकेट, हातात शिंपल्यांचं सारण भरलेली पेस्ट्री, इथला 'स्कॅलप पाय', डोळ्यांत मिश्कील हसू. "शब्द मागूच नकोस. नुसती खूण ठेव. दिली तर हो, नाही दिली तर नाही. नाहीतर नेटवरून सरळ क्लिक घे, तेही हेच काम करतं. उत्तर द्यायला विसरलं तर ते आपणहून विचारतं."

"आणि मी काम करते त्या बोटीवर नेट नसलं की क्लिक कुठून आणू? तुझ्या पायमधून?"

तो खळखळून हसला. फर्गस, हवामानाच्या नोंदी ठेवणारा. मग दर रविवारी तोच प्रोग्रॅम आम्ही आर्गपार्स, क्लिक आणि तसंच तिसरं टायपर — सगळ्यांत लिहून भांडायचो. भांडण संपू नये म्हणून मी मुद्दाम नवं खुसपट काढायची. मला तो आवडायला लागला होता, आणि मनातलं बोलायची वेळ आली की मी पुन्हा आर्गपार्सवर घसरायची.

"शुक्रवारी मॅक्वेरी बेटावरच्या हवामान केंद्रात निघालोय. वर्षभरासाठी," एका रविवारी तो म्हणाला. "तिथे नेट यथातथाच. आर्गपार्सच नेतोय. जिंकलीस बाई तू!"

मला कुठे जिंकायचं होतं?

"एक विचारू? क्लिकसारखं?" तो कपाशी चाळा करत राहिला. "माझी… वाट बघशील?"

एरवी तासभर वाद घालणारी मी — लॅपटॉपची उघडझाप करत बसले.

"राहू दे," तो हळूच म्हणाला. "शब्द नकोच. शुक्रवारी धक्क्यावर आलीस, तर हो. नाही आलीस, तर नाही. मी समजेन."

शुक्रवारी डोंगरावर बर्फ होतं, खाली तिरपा पाऊस. मी धावतच पोचले तेव्हा त्याच्या जहाजाचे दोर सुटत होते. जहाजाच्या कठड्याशी उभा राहून तो धक्क्यावरच्या गर्दीत कुणालातरी शोधत होता. मी दिसले आणि त्याचा चेहराच बदलला.

"आलीस?" तो ओरडला. "म्हणजे…?"

"म्हणजे काय! समोर उभी आहे ना?"

एवढं पुरेसं होतं. पण मला राहवेना. सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल अशा आवाजात मी ओरडले, "हो!"