बिनडोळ्यांचे हंस

मीनाक्षीबाईंनी बगलेतली घडी काढून ओट्यावर पसरली आणि म्हणाल्या, "राव, हे कोणी केलं तेवढं मला सांगा. पुढचं मी बघते."

गोपालकृष्णरावांनी कॉफीचा पेला बाजूला ठेवला. शेजारी बसलेल्या नरसिंहरावांनी चष्मा लावला. मागावरून कापून आणलेला हातभर रेशमी तुकडा होता. कुंकवासारखं अंग, जरीचा काठ, आणि काठावर एकामागून एक चालणारे हंस.

"सुंदर आहे की," नरसिंहराव म्हणाले.

"मास्तर, डोळे कुठायत त्यांचे?"

नरसिंहरावांनी तुकडा डोळ्यांजवळ नेला. चोच होती, तुरा होता, पिसंन् पिसं होती. डोळ्याच्या जागी नुसती सपाट जर.

कुंभकोणमच्या मराठी घरांतून मीनाक्षीबाईंच्या मागावरचा हंसकाठ ठाऊक नाही असं घर नव्हतं. मुलगी उजवायची तर हंसकाठाचं लुगडं हवंच, आणि त्या हंसाला लाल रेशमाचा बारीक डोळा हवाच. आंधळे हंस नेसून नवरी बोहल्यावर कशी चढणार? पेठेतल्या नागलक्ष्मीचं लग्न ठरलं होतं; तिच्या घरच्यांनी लुगडं सांगून ठेवलं होतं आणि मुहूर्त या महिनाअखेरचा होता.

गोपालकृष्णराव पूर्वी तंजावरच्या कोर्टात एका फौजदारी वकिलाकडे कारकून होते. ती नोकरी सोडून त्यांनी घरच्या ओट्यावरच चौकशीची कामं घ्यायला सुरुवात केली. चोरी, हरवलेली माणसं, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे सोयरीक ठरण्याआधी मुलाची माहिती. नरसिंहराव त्यांचे लहानपणचे मित्र, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. गेल्या वर्षी त्यांची बायको भवानी गेली. तेव्हापासून सकाळची कॉफी ते इथेच घ्यायचे. घरी एकट्याला एक पेला करायचा तर दूध नेहमी उरायचं.

बाईंनी हकीकत सांगितली. गेल्या आठवड्यात त्यांनी मागावर नवी पेटी बसवली. पेटी म्हणजे मागाच्या डोक्यावरचं नक्षीचं यंत्र. त्यात भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. पुठ्ठा सुयांवर दाबला जातो. भोक असेल तिथे सुई आत शिरते आणि तिचा आकडा धागा उचलतो. भोक नसेल तिथे धागा खालीच राहतो. एवढ्यावर सगळी नक्षी उमटते. पेटी नवी घेतली तरी पुठ्ठे जुनेच वापरायचे होते. ते बाईंच्या यजमानांनी, शंकरनारायणरावांनी, स्वतःच्या हातांनी कापलेले होते. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली.

"मोजमाप तेच, सुया तेवढ्याच. पुठ्ठे चपखल बसले. आणि हे असं झालं. म्हणून मी माळ खाली उतरवून उजेडात बघितली. डोळ्याचे दोन पुठ्ठे बदललेत, राव. बाकीचे तपकिरी आणि हे दोन पिवळट. डोळ्याच्या जागी भोक नाही, आणि पार कडेला, जिथे धागाच नाही तिथे, भलतीच भोकं."

"संशय कोणावर?"

बाईंचा आवाज उतरला. "विणणारा राधाकृष्ण. नवी पेटी नको म्हणून महिनाभर भांडला. परवा मी त्याला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. समोरच्या पेठेतला चंद्रमौली त्याला माग द्यायला टपूनच बसलाय." त्या थांबल्या. "यजमान गेले तेव्हा खांदा द्यायला तो होता. तोच असेल तर कळू दे मला. नसेल तर तेही लवकर कळू दे."

"जुनी पेटी कशी होती?"

"सोन्यासारखी. माझ्या पाटल्या मोडून घेतली होती यांनी, जुन्या बाजारातून. एक दिवस कुरकुरली नाही. हे म्हणायचे, मीनाक्षी, तुझ्या पाटल्या वाया नाही गेल्या." मग त्या नरसिंहरावांकडे वळल्या. "तिच्यावरचं पहिलं लुगडं तुमच्याच घरी गेलं, मास्तर. भवानीचं."

नरसिंहरावांनी मान हलवली. लग्नानंतरची पहिली दिवाळी. शंकरनारायणरावांनी न मागता किंमत कमी केली होती आणि कारण विचारलं तर विषय बदलला होता. मित्र म्हणून केली असेल, असं तेव्हा वाटलं. त्या लुगड्याची घडी घालताना भवानी दर वेळी म्हणायची, "हळू हं, यातले काही हंस अजून झोपलेत." आणि दर वेळी ते हसायचे. ती असं काहीबाही बोलायचीच.

*

मागाची खोली बाईंच्या परसात होती. तिची किल्ली बाईंच्या कमरेला असायची. पुठ्ठ्यांची माळ खिडकीपाशी टांगली होती. गोपालकृष्णरावांनी तिला बराच वेळ हात लावला नाही, नुसते बघत राहिले. मग एकेक पुठ्ठा उजेडाकडे धरून त्यावर अंगठा फिरवला.

"नरसिंहा, तू बघ. काय दिसतं?"

नरसिंहरावांना भोकं दिसली. भोकांच्या मध्ये बारीक बारीक खळगे दिसले, देवीचे व्रण असावेत तसे. जिथे भोक नाही तिथे सुई वर्षानुवर्षं आपटून ते पडले होते. दोन पिवळट पुठ्ठ्यांच्या कडेची भोकं तेलाने काळी झालेली, काठ घासून गुळगुळीत.

"डोळ्याची जागा कुठली?"

बाईंनी बोट ठेवलं. तिथे भोक नव्हतं आणि खळगाही नव्हता. नव्या पेटीचा एक पुसटसा ठसा काय तो होता. गोपालकृष्णरावांनी शेजारचा तपकिरी पुठ्ठा धरला, मग त्याच्या पुढचा, मग मधलेच दोन-तीन. सगळ्यांवर नेमकी तीच जागा बघितली आणि माळ सोडून दिली.

"सरि, ठीक आहे," ते म्हणाले. "आता माणसं बघू."

पेटी बसवणारा स्वामीनाथ मद्रासहून आलेला होता आणि स्टेशनाजवळच्या लॉजमध्ये राहत होता. त्याच्याशी तमिळमध्ये बोलावं लागलं. तो आधीच वैतागला होता. त्याचं म्हणणं, त्याच्या पेटीत खोट काढून दाखवावी, तो ती डोक्यावर घेऊन मद्रासला चालत जाईल. प्रत्येक धागा त्याने ज्याच्या त्याच्या आकड्याला ओळीने बांधला होता. जुन्या पेटीवर कुणा अडाण्याने एक-दोन गाठी तिरक्या मारून ठेवल्या होत्या, त्याही त्याने सरळ केल्या. त्याबद्दल कोणी त्याला शाबासकीसुद्धा दिली नव्हती.

चंद्रमौली आपल्या दुकानात गादीवर पान लावत होता. तो मराठी घरातलाच.

"या राव. आज कोणाच्या जावयाची चौकशी?" त्याने पान पुढे केलं. आंधळ्या हंसांची बातमी सगळ्या पेठेत झाली होती आणि त्याला ती गोड लागली होती हे त्याने लपवलं नाही. ते पुठ्ठे विकत घ्यायला तो किती वर्षं मागे लागला होता, हेही त्याने स्वतःच सांगितलं. नवी पेटी बघायला म्हणून तो एकदा त्या खोलीत जाऊनही आला होता.

"मग संधी होती तर," नरसिंहराव म्हणाले.

"मास्तर, जी म्हैस मला विकत घ्यायची तिचे मी डोळे फोडीन होय?" चंद्रमौली हसला. "राधाकृष्णाला मात्र मी माग देऊ केलाय. पण तो काही बोलत नाही, नुसता बसून असतो. मीनाक्षीअक्कांना सांगा, माणूस वाया घालवताय म्हणावं."

राधाकृष्ण विणकरांच्या गल्लीत आपल्या दारात बसला होता. हातात आडवा धागा नेणारा धोटा होता, रिकामाच, आणि राधाकृष्ण तो उगाच या हातातून त्या हातात करत होता. आतून बायकोने सांगितलं, दोन दिवस धड जेवला नाही.

"नवी पेटी नको म्हणालो, खरं आहे," तो म्हणाला. "जुनीची सवय होती. पण तिच्यावर बसल्यावर मी नीट विणलं. पहिलाच हंस आंधळा आला तेव्हा मीच अम्मांना हाक मारली."

पुठ्ठे दोन रंगांचे आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं. वर अंधारात सगळे काळेच दिसायचे.

"लाल धागा जुन्या पेटीला कोण बांधायचं?"

"मोठे मालक. नवा ताणा, म्हणजे उभे धागे, चढला की बाकीचे धागे मी बांधायचो, तो एक तेच बांधायचे. त्या वेळी मला कॉफी आणायला धाडायचे." तो पहिल्यांदाच थोडा हसला. "मी परत येईपर्यंत गाठ झालेली असायची. ते गेल्यावर मी ती गाठ सोडलीच नाही. जुन्या धाग्याच्या शेवटाला नवा धागा पिळून जोडत आलो."

गल्लीतून बाहेर पडताना नरसिंहरावांना राहवलं नाही. "राव, मला तर तिघेही खरे बोलताहेत असं वाटतं."

"मलाही," गोपालकृष्णराव म्हणाले. "भवानीचं ते लुगडं आहे अजून?"

नरसिंहराव चालता चालता थांबले. मग म्हणाले, "ट्रंकेत आहे."

"उद्या घेऊन येशील? तुला जमत असेल तरच."

त्या संध्याकाळी नरसिंहरावांनी वर्षात पहिल्यांदा ती ट्रंक उघडली. लुगडं सगळ्यांत वर होतं. त्यांनी घडी न मोडता ते धुतलेल्या पंच्यात गुंडाळलं आणि झाकण लावलं. वाटलं होतं तेवढं अवघड गेलं नाही.

*

सकाळी मागाच्या खोलीत सगळे जमले. राधाकृष्ण दारापाशी उभा राहिला. मीनाक्षीबाईंनी त्याच्याकडे बघितलं नाही. चंद्रमौलीला कोणी बोलावलं नव्हतं, तरी तो आला होता.

गोपालकृष्णराव मागाच्या कडेला बसले आणि स्वामीनाथलाही कळावं म्हणून तमिळमध्ये बोलू लागले.

"बाई, पुठ्ठे बदललेत हे तुम्ही बरोबर ओळखलंत. पण कधी बदलले? आता बदलले असते तर भोकांचे काठ पांढरे, खरखरीत असते. हे काठ तेल पिऊन काळे झालेत. ही भोकं इथे विणलेल्या जवळजवळ प्रत्येक लुगड्याला लागली आहेत."

"मग डोळे कसे येत होते?" बाई म्हणाल्या. "डोळ्याच्या जागी भोकच नाही."

"तेच. आता ती जागा बघा, फक्त या दोन पुठ्ठ्यांवर नाही, सगळ्या माळेत. जिथे भोक नाही तिथे सगळीकडे सुईने खळगा पाडलाय. हीच एक जागा प्रत्येक पुठ्ठ्यावर कोरी. का? तिथे सुई आपटलीच नाही. कारण जुन्या पेटीत त्या जागी सुई नव्हती."

मीनाक्षीबाई ताठ झाल्या. "जुन्या पेटीत काही खोट नव्हती."

"तसं तुम्हाला सांगितलं होतं. पाटल्या मोडून आणलेल्या पेटीत एक सुई नाही, हे कोणता नवरा बायकोला सांगेल? पहिलं लुगडं मागावर चढलं, हंसाला डोळा येईना, तेव्हा त्यांना कळलं. सुई आणायची तर तुम्हाला कळणार. म्हणून त्यांनी लाल धागा तिरका नेऊन कडेच्या रिकाम्या आकड्याला बांधला आणि पुठ्ठ्यावर कडेला भोक पाडलं. पहिल्या दोन पुठ्ठ्यांची प्रयोग करता करता चाळण झाली असणार. मग मिळेल त्या पुठ्ठ्याचे दोन नवे कापले. डोळ्याच्या जागी भोक पाडून उपयोग नव्हता, म्हणून पाडलं नाही. आणि ती गाठ राधाकृष्णालासुद्धा दिसू नये म्हणून त्याला कॉफीला धाडत राहिले."

स्वामीनाथने कपाळावर हात मारला. "ती तिरकी गाठ."

"तीच. तुम्ही ती सरळ केलीत. तुमची पेटी निर्दोष आहे, पुठ्ठेही निर्दोष आहेत. पुठ्ठे फक्त एका मोडक्या पेटीसाठी कापलेले आहेत. पेटी दुरुस्त झाली आणि डोळा मिटला."

मग बाई म्हणाल्या, "हा सगळा तर्क झाला, राव."

"जुनी पेटी कुठे आहे?"

ती विहिरीपाशी पडवळाच्या मांडवाखाली होती, गोणपाटाने झाकलेली. राधाकृष्णाने गोणपाट ओढलं. गंजलेल्या सुयांच्या दाट ओळी होत्या. कडेपासून जरा आत, एका ओळीत, खालचा दात पडावा तशी एक जागा रिकामी होती. बाईंनी त्या फटीत करंगळी घालून बघितली.

"आणि हे पहिलं लुगडं," गोपालकृष्णराव म्हणाले. "नरसिंहा, तूच उघड. आतलं टोक. नेसताना कमरेला खोचलं जातं ते."

नरसिंहरावांनी पंचा सोडला आणि घडी उलगडली. इतक्या वर्षांत त्यांनी पदर पाहिला होता, निऱ्या पाहिल्या होत्या, हे टोक कधी पाहिलं नव्हतं. पहिला हंस आंधळा होता. दुसराही. तशी एक छोटी रांगच होती. मग एका हंसाला अर्धवट लाल ठिपका, आणि त्याच्या पुढच्या प्रत्येकाला टपोरा डोळा.

"यासाठीच किंमत कमी केली त्यांनी," गोपालकृष्णराव हळूच म्हणाले.

नरसिंहरावांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. ते पहिल्या हंसावरून बोट फिरवत होते.

"तिला ठाऊक होतं," ते म्हणाले. "ती म्हणायची, काही हंस झोपलेत. मी कधी विचारलंच नाही कुठले."

मीनाक्षीबाईंनी पदराने डोळे टिपले, आणि मग त्यांना हसूच आलं. "लबाड माणूस. मरेपर्यंत म्हणत होता, पाटल्या वाया गेल्या नाहीत."

"गेल्या कुठे, अक्का?" चंद्रमौली म्हणाला. "सगळं गाव नेसतंय."

स्वामीनाथने लगेच उपाय सुचवला: डोळ्याच्या जागी भोक पाडलेले दोन नवे पुठ्ठे कापायचे, तासाभराचं काम.

"पुठ्ठ्यांना हात लावायचा नाही," बाई म्हणाल्या. "धागा तिरका बांधा."

"अम्मा, इतकी चांगली पेटी, आणि तिच्यावर वाकडी गाठ?"

"वाकडीच. आणि ती राधाकृष्ण बांधेल." त्या पहिल्यांदा त्याच्याकडे वळल्या. "बांधशील ना रे? माझं चुकलं."

राधाकृष्ण लगेच वळला. खोलीत जाऊन त्याने लाल धागा शोधला आणि वर हात केला. गाठ मारता मारता तो तसाच थांबला. "अम्मा, मालक या वेळी मला कॉफीला धाडायचे."

"आज मी जाते," मीनाक्षीबाई म्हणाल्या आणि स्वयंपाकघराकडे गेल्या.

त्या पेले घेऊन परत आल्या तोवर माग चालू झाला होता. चोच उमटली, मान उमटली. पिवळट पुठ्ठा फिरून सुयांवर बसला, लाल धागा वर आला, धोटा पलीकडे गेला. हंसाने डोळा उघडला.

कॉफी झाल्यावर नरसिंहराव लुगड्याची घडी घालायला लागले. एकट्याला ते लांब कापड आवरेना, तेव्हा गोपालकृष्णरावांनी दुसरं टोक धरून जोरात ओढलं.

"हळू," नरसिंहराव म्हणाले. "तुझ्या बाजूचे झोपलेत."