एक दिवस आधी खुडलेली कळी

भाच्याने तिसऱ्यांदा स्कॅनरची यूएसबी वायर काढून लावली, तेव्हा आत्या म्हणाली की एवढ्यात मी हाताने चित्र काढलं असतं. चाळिशी उलटलेला, टक्कल पडलेला हा गृहस्थ लोकांचे संगणक दुरुस्त करून पोट भरायचा. आत्यापुढे मात्र त्याचं हटकून हसं व्हायचं.

संगणकावर लिनक्स, स्कॅनर पंधरा वर्षांचा, आणि कंपनीने लिनक्ससाठी तो चालवणारं सॉफ्टवेअर दिलंच नव्हतं. कुणा भल्या माणसांनी फुकट लिहिलेला ड्रायव्हर त्याने बसवला. जोडलेल्या उपकरणांच्या यादीत स्कॅनर दिसायचा, पण स्कॅन करायला जावं तर ‘उपकरण सापडलं नाही’. म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आत्याची घाई खरी होती. वनस्पतिसंग्रहालयात तिने जन्मभर झाडं वाळवून कागदांवर शिवली. निवृत्त होताना एकच कागद मागून आणला: काटेरी डहाळी, टोकाला मिटलेली कळी, खाली तिच्या अक्षरातली चिठ्ठी. तारीख, जागा, तोडणाऱ्याचं नाव. परतीची गाडी चुकेल म्हणून तिने ते झाड कळीवर असतानाच तोडलं होतं. तसलं झाड पुन्हा कुणाला सापडलं नाही. त्याचं फूल कुणीच पाहिलं नाही. एक दिवस थांबले असते तर, हे तिचं चाळीस वर्षांचं पालुपद. ते म्हणताना ती अंगठ्यावरचा काट्याचा पांढरा वण चोळायची. आता कसरीने कागदाचा भुगा होत चालला होता.

दुपारी भाच्याची ट्यूब पेटली. स्कॅनर वापरायची परवानगीच संगणकावरच्या त्याच्या खात्याला नव्हती. त्याने परवानगीची एक ओळ लिहिली, वायर काढून लावली. काचेखाली दिवा सरकला.

पडद्यावर डहाळी आली. कळीचं तोंड किंचित उघडं होतं.

धूळ असेल म्हणून त्याने काच पुसली. दुसऱ्या स्कॅनमध्ये दोन पाकळ्या सुटल्या होत्या. झाकण उचललं, तर कागदावर कळी तशीच, मिटलेली, मातकट. ड्रायव्हर काढून पुन्हा बसवला. तिसऱ्या खेपेला पानं हिरवी आली.

भीती होतीच, पण नजर हटेना.

“थांबू का, आत्या?”

“आता नको थांबूस.”

चौथ्या खेपेला फूल उमललं. निळं, आत पिवळं. डहाळीवरचे दोरे नव्हते. खाली मुळं मातीत होती. आत्या भिंग धरून उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

मग त्याने चिठ्ठी वाचली. अक्षर आत्याचंच. तारीख दुसऱ्या दिवसाची. तोडणाऱ्याच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘तोडलं नाही’.

त्याने झाकण उचललं. कागद कोरा होता.

“आत्या, ते फूल...”

“हो रे, अस्संच होतं,” ती डोळे पुसत म्हणाली. “आख्खा दिवस बसले होते त्याच्यापाशी. गाडी चुकली माझी.”

ती अंगठा चोळत होती. वण कुठेच नव्हता.