नावेवरचा पहारा

खोलीचं भाडं वाचेल म्हणून आम्ही नवरा-बायको नावेवर राहायला गेलो. नांदेडच्या वरच्या अंगाला, गोदावरीच्या धरणाच्या फुगवट्यात, ठेकेदाराच्या मासळीच्या जाळ्यांची राखण माझ्याकडं होती. भाडं वाचलं खरं, पण ते नावेनंच खाल्लं. दर उन्हाळ्यात ती काठावर ओढून फटींत काथ्या ठोकायचा, वरून डांबर. सभोवती पाणीच पाणी, तरी प्यायचं पाणी गावातून कॅनमध्ये. धरण चढलं की दोर सैल सोडायचा, उतरलं की ओढायचा. चुकलं तर नाव एका अंगावर. पावसाळ्यात पीठ बुरसायचं. वर्षाराणीचे गुडघे त्या ओलीनं धरले, तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही राहा तुमच्या गंगामाईजवळ. मी चालले."

तिच्याशिवाय मी कुठला राहतोय? मुदखेडला खोली बघितली.

निघायच्या सकाळी फारूकभाईंनी टेम्पो काठाला लावला. सामान फळीवरून उतरलं. राहिला होता पाण्याचा माठ. तो आणायला मी एकटा नावेवर आलो.

तेवढ्यात नदीच्या बाजूनं एक डोंगा येऊन लागला. त्यात एक म्हातारे उभे होते. कपाळाला बुक्का, गळ्यात वीणा, ओठांवर नाम. वल्हं कुठं दिसलं नाही. जवळपास सप्ता बसला असेल, असं वाटलं.

"माउली," ते म्हणाले, "पहारा धरता का? जरा पाणी पिऊन येतो."

सप्त्यात वीणा खाली ठेवत नाहीत. पुढचा माणूस येऊन गळ्यात घेईपर्यंत वीणेकऱ्यानं जागा सोडायची नाही. कीर्तनाचा आवाज आला की ताटावरून उठून तिकडं पळणारा मी. नाही कसं म्हणणार? पाया पडलो, वीणा घेतली. लाकूड ओलं होतं आणि फार गार.

ते नावेच्या छपराखाली गेले. माठावरचं झाकण वाजलं.

मी तार छेडली, नाम धरलं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

काठावरून वर्षाराणी ओरडली, "अहो, आटपा की! माठ आणायला गेलात का घडवायला?"

फारूकभाई हसले. "राहू द्या भाभी, नावेचा निरोप घेऊन राहिले असतील."

छपराखालून चाहूल येईना. नियम मोडायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. आज मोडायचं ठरवलं. वीणा काढायला हात वर नेला. पट्टा हनुवटीच्या वर येईना. घेताना तर सहज आला होता.

फळीकडं पाऊल टाकलं. ते जागच्या जागीच पडलं.

हाक मारायला तोंड उघडलं. नाम निघालं.

पुन्हा उघडलं. नामच.

वर्षाराणीनं माझ्याकडं पाहिलं. सरळ माझ्याकडं. मग तिनं चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला आणि लांबूनच हात जोडले.

"कोण हो हे बाबा?" तिनं फारूकभाईंना विचारलं. "थकलेत बिचारे, पण आवाज किती गोड हाय."

"काय माहीत भाभी. आत्ताच आलेले दिसतात."

तिचं नाव घ्यायला मी सगळा जीव एकवटला.

नाम निघालं.

"अहो!" तिनं छपराकडं बघून हाक दिली.

"हाव, आलोच," छपराखालून माझा आवाज म्हणाला.

माठ खांद्यावर घेऊन तो फळीवरून उतरला.

"मिशी तरी पुसा," म्हणत वर्षाराणीनं पदराचं टोक पुढं केलं. त्यानं पुसली. मी पुसतो तशीच, डावीकडून.