पानमळ्यातल्या पांढऱ्या अळ्या

पानमळ्यात पायताण घालून शिरायचं नसतं, हे सोनाळ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि हा माणूस चक्क बूट घालून वेलींच्या मधोमध उकिडवा बसलेला... हातात काडेपेटी, आणि काडेपेटीत मेलेल्या अळ्या!

कोकिळेच्या अंगाचा तिळपापड झाला. वेली बांधायचं काम टाकून ती त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

“कोन तुमी? आन बूट घालून आत काऊन आले?”

तो दचकून उठला, वेलीत अडकला, सावरला. दिसायला बरा होता, पण तिकडं कोकिळेनं मुद्दाम पाहिलं नाही.

“दार उघडं होतं...”

“दार उघडं असलं म्हनजे देवळात बी असेच जाता काय?”

बूट काढून हातात घेतल्यावर त्यानं सांगितलं. नाव इंद्रभान, गाव उंद्री. अकोल्याच्या शेतकी कॉलेजात शेवटच्या वर्षाला, आणि किडींना मारणाऱ्या बुरशीचा नाद. चुन्यात बुडवल्यासारखी पांढरी, कडक झालेली एक अळी त्यानं तिच्यापुढं धरली. “हे बुरशीनं मेली. हिच्या आंगावरची भुकटी दुसऱ्या अळ्यायले लागली का त्या बी मरतीन. पानाले काई होत नाई, मानसाले बी नाई.”

“अशा तर मी रोज वेचून चुलीत घालते.”

“चुलीत?” त्याचा चेहराच उतरला, मग तोही तापला. “तुमच्या बाजूनं लढनाऱ्यायलेच जाळून राह्यल्या तुमी?”

खरं तर गावात घरोघर तेच चालायचं. पांढरी अळी दिसली की वेलीला रोग आला म्हणायचं आणि उचलून जाळायची. पण ते या माणसानं, हातात बूट धरून, तिला ऐकवावं? तो आपल्याच, पानमळे लावणाऱ्या समाजातला, त्याच्या आजानं मळा मोडल्यापासून रीत विसरलेला, हे कळल्यावर तर तिचा राग दुप्पट झाला.

त्या वर्षी अळीनं उच्छाद मांडला होता. कोकिळेचा बाप किसनराव रोज चाळणी झालेली पानं पाहून कपाळाला हात लावायचा. मराठी राज्य नुकतंच झालं होतं, आणि फवारणीचा पंप त्याहून नवा. किसनरावाच्या धाकट्या भावानं, वामनकाकानं, तो कुठून तरी मागून आणला, सोबत औषधाचा डबा. डब्यावर कवटी काढलेली, तरी सगळे त्याला औषधच म्हणत होते. विषाला औषध म्हणायला लोकांची जीभ कशी रेटते, देव जाणे.

“बाबा, आपलं पान लोक कच्चं खातेत,” कोकिळा म्हणाली. “बाळंतिनीच्या तोंडात जाते ते. तिले काय इख चारता?”

“सारा गाव फवारून राह्यला, पोरी.”

“सारा गाव फवारो. मी लावलेल्या वेलीवर नाई. त्या बूटवाल्याची बुरशी तरी लावून पाहू.”

किसनरावानं शेवटी पोळ्यापर्यंतची मुदत दिली. पोळा झाला की पंप आत.

इंद्रभानला निरोप गेला, आणि तो कामाला लागला. ज्वारीच्या कण्या शिजवून मडक्यात भरल्या, त्यात पांढऱ्या अळीची भुकटी टाकली, वर फडकं बांधलं. दर बाजारच्या दिवशी तो यष्टीनं यायचा, मडक्यात डोकवायचा आणि मग कोकिळेकडं. मडक्यापेक्षा तिकडंच जास्त वेळ लागायचा. कण्यांवर कापसासारखी बुरशी चढली तेव्हा दोघांनी ती पाण्यात कालवली आणि दिवस कलताना निंबाच्या डहाळीनं वेलींवर शिंपडली. ओल्या मातीचा आणि पानांचा वास दाटून आला होता. तिच्या गालावर एक पांढरा थेंब उडाला. त्याचा हात पुढं आला... आणि अर्ध्यात थांबला.

“मी बी मरन काय आता?” तिनं विचारलं.

“मानसाले... काई होत नाई.”

“मंग तुमाले काऊन घाम फुटून राह्यला?”

डहाळी उलटी धरून तो शिंपडत राहिला.

तो अकोल्याला गेला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येतो म्हणाला. इकडं अळ्या खातच राहिल्या. बुरशीला वेळ लागतो हे त्यानं सांगितलं होतं, पण ते वामनकाकाला कोण सांगणार? पोळा झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच काका पंप पाठीला बांधून मळ्याच्या दारात हजर. इंद्रभानचा पत्ता नव्हता.

कोकिळा दारात आडवी उभी राहिली. “काका, पहिले माह्यावरून पंप फिरवा. मंग आत जा.”

“किसनभाऊ, पोरीले आवर.”

“बाबा, शब्द तुमी देल्ला होता. आत चालून पाहा तरी.”

किसनराव करवादत आत गेला. पुढच्या रांगांत सगळी खाल्लेली पानं. पण मागच्या ओलसर सावलीत, वेलींच्या शेंड्यांना, अळ्या जागच्या जागी चिकटून बसल्या होत्या. पांढऱ्या, ताठ, एकीच्या खाली एक. किसनरावानं एक उचलली, बोटांत चुरली. तिची भुकटी झाली.

“वामन,” तो बाहेर येऊन म्हणाला, “पंप उतरव.”

तेवढ्यात कुडाच्या आडून इंद्रभान पुढं आला. पार जागरण झालेलं तोंड.

“यष्टी चुकली?” कोकिळेनं विचारलं.

“नाई... काल सांजच्यालेच आलो. मारुतीच्या ओट्यावर होतो.” तो खाली पाहू लागला. “बुरशी लागली नसती, तर तुमाले तोंड कसं दाखवलं असतं...”

“मी एकटी पंपापुढं उभी राह्यली, आन तुमी ओट्यावर? बुरशी तुमची, आन भरवसा मी ठेवू?”

“चुकलं माह्यं. इथं यनं बंद झालं असतं, त्याचं भेव वाटलं. बुरशीसाठी नाई... तुमच्यासाठी येत होतो.”

वामनकाका पंपाचे पट्टे सोडायचे विसरला.

“मंग... बाबाले इचारू काय?” इंद्रभान हळूच म्हणाला.

“बाबाले मागून. पहिले मले.”

त्यानं घसा खाकरला, काकाकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं, पुन्हा घसा खाकरला.

“हाव,” कोकिळा म्हणाली, रागातच. त्यानं अजून काही विचारलंच नव्हतं.