डाव्या मागच्या चाकाचा आवाज

ही गोष्ट खरी आहे. ज्याला खोटी वाटेल त्याने वाचू नये. माझं काही अडलेलं नाही.

इथे मी बऱ्याच जणांची भुतं वाचली. सगळी रात्री बाराला येतात. दिवसा त्यांना नोकरी असते की काय, कोण जाणे.

माझ्या बाबतीत झालं ते मंगळवारी दुपारी. साडेतीन वाजता. डोळे दिपतील अशा उन्हात, आमच्या गॅरेजच्या दारात.

आणि आवाजाच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये. मी चौथीपर्यंत शिकले, पण पस्तीस वर्षं त्या दारात खुर्ची टाकून बसले आहे. गाडी फाटकातून आत येईपर्यंत मी सांगते, बेअरिंग गेलंय की ब्रेकचे पॅड संपलेत. आमचे मिस्त्री, म्हणजे माझा नवरा, गाडीखाली झोपायचे आणि मी वरून सांगायची. सगळी गल्ली त्यांना मिस्त्री म्हणायची, म्हणून मीही मिस्त्रीच म्हणायची. हात सोन्याचे होते. डोकं माझं होतं.

दोन वर्षांपूर्वी गेले.

कसे गेले ते पुढे येईल. आत्ता चाकाचं बोलते.

त्या दिवशी जावई लेकीला न्यायला आला. लेक बाळंतपणासाठी माझ्याकडे होती, बाळ तीन महिन्यांचं झालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं निघणार होती. चार तासांचा रस्ता, त्यातला एक तास डोंगर उतरायचा. जावई विमा विकतो. बोलण्यात पटाईत, पण स्टेपनी कुठे असते ते अजून विचारून घेतो.

त्याची गाडी फाटकातून आत शिरली आणि मी मान वर केली.

टक... घस... टक... घस...

मागचं डावं चाक.

"जावईबापू, कुठे आपटून आणलीत?"

तो म्हणाला, कुठेच नाही. कारखान्याच्या भिंतीपाशी जे वळण आहे, तिथे कुत्रं आडवं आलं. त्याने करकचून ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. कुत्रं वाचलं. पण परत निघाला तेव्हापासून हा आवाज.

निदान कुत्र्याला तरी अक्कल होती, असं मी म्हणाले. मग सगळ्यांसमोर सांगून टाकलं, आवाज कशाचा ते कळल्याशिवाय माझी लेक आणि नातू या गाडीत बसणार नाहीत.

एकदा बोलले की बोलले. माझा शब्द म्हणजे काही विम्याचा कागद नाही.

गॅरेज आता आमचा चिरंजीव बघतो. त्याने आधी कॉम्प्युटर जोडला. हल्लीची पद्धत. आजारी माणसाला हात लावायचा नाही, आधी त्याचा फोटो काढायचा. पडद्यावर सगळं हिरवंगार.

"आई, गाडीला काही झालेलं नाही."

"मग आवाज कोण करतंय? तुझा सासरा?"

त्याने जॅक लावला. चाक उचललं. वरखाली धरून हलवलं, जराही हललं नाही, म्हणजे बेअरिंग ठीक. हाताने फिरवलं. लोण्यातून सुरी फिरावी तसं फिरलं. काही आवाज नाही. चाक काढलं, पॅड पाहिले. नव्यासारखे.

मी खुर्चीतून उठले. डिस्कमागे एक पातळ पत्रा असतो. जोरात ब्रेक मारला की कधी कधी खडा उडून त्याच्यात बसतो आणि घासत राहतो. स्क्रूड्रायव्हर घेतला, पत्रा जरासा वाकवला... वाटाण्याएवढा खडा टपकन खाली पडला.

मी तो जावयाच्या हातावर ठेवला. म्हटलं, हा घ्या तुमचा आजार, काचेच्या कपाटात ठेवा.

गाडी गल्लीत एक चक्कर मारायला पाठवली. मी चहा मागवला.

गाडी परत आली.

टक... घस... टक... घस...

जावई खडा अजून हातात धरून उभा होता, आणि तो खडा माझ्याकडे बघून हसतोय असं मला वाटलं.

मग डावं चाक उजवीकडे लावलं आणि उजवं डावीकडे. दोष चाकात असेल तर आवाज चाकाबरोबर बाजू बदलतो. हे मिस्त्रींनीच मला दाखवलं होतं, नाही कशाला म्हणू.

आवाजाने बाजू बदलली नाही.

चिरंजीव कपाळ पुसत म्हणाला, आई, अजून एक गंमत आहे. आवाज सलग नाही. दहा ठोके होतात, मग थांबतो. मग परत दहा.

मी म्हटलं, दहा कसले मोजतोस, शाळेत मोजले असतेस तर बरं झालं असतं.

पण हातातला कप मी खाली ठेवला.

मग म्हटलं, चल. मी मागे बसते. डाव्या बाजूला, चाकाच्या डोक्यावर. तू चालव.

कारखान्याच्या भिंतीचा रस्ता सरळ आहे आणि दुपारी रिकामा असतो. काच खाली केली. डोळे मिटले.

"वीसवर घे."

टक... घस... टक... घस...

"चाळीस."

टक... घस... टक... घस...

"साठ."

तुम्हाला यातलं कळत नसणार, म्हणून सोपं करून सांगते. चाकाचा आवाज चाकाचा नोकर असतो. चाक जोरात फिरलं की तोही जोरात धावतो. वीसला जेवढे ठोके, त्याच्या तिप्पट साठला. यात देवही बदल करू शकत नाही.

गाडी साठवर होती. भिंत सरसर मागे जात होती.

आणि आवाज... रमतगमत चालला होता. जसा वीसला, तसाच.

दहा ठोके. मग शांतता. जणू कुणी दम घेतंय. मग पुढचे दहा.

तरी मागे पडत नव्हता.

वळण आलं. मी म्हटलं, मार ब्रेक. त्याने मारला. गाडी उभी राहिली. इंजिनही बंद करायला लावलं.

चाक थांबलं.

टक... घस...

टक... घस...

टक...

माझ्या दाराशी येऊन थांबला.

खिडकी उघडी होती. बाहेर ऊन, भिंत आणि रस्ता. दुसरं काही नाही.

चिरंजीवाने मागे वळून पाहिलं नाही. समोरच्या काचेकडे बघत म्हणाला, "आई, बाबा असे चालायचे."

"गप्प बस."

पण मला ते पहिल्या दहा ठोक्यांनाच कळलं होतं. नुसतं कबूल करायचं नव्हतं.

शेवटच्या वर्षी मिस्त्रींचा एक पाय काम देईना. हातात काठी. काठी टक, पाय घस. दहा पावलं झाली की दम घ्यायचे. सगळा दिवस घरात तो आवाज. मी त्यांना गॅरेजच्या मागच्या खोलीत हलवलं. म्हटलं, तिथे चाला हवं तेवढं. ते नाही म्हणाले नाहीत. माझ्यापुढे ते कधीच नाही म्हणाले नाहीत. खुर्चीत बसवलं की मी उठा म्हणेपर्यंत उठायचे नाहीत. इतकं ऐकायचे की मला राग यायचा.

मग माझ्या भाच्याचं लग्न होतं. याच गाडीतून निघालो होतो, जावई चालवत होता. मिस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या खोलीतून निघाले. टक, घस. दहा पावलं आणि थांबा. सगळे गाडीत बसून घामाघूम. जावई म्हणाला, थांबू या की आई. मी म्हटलं, यांची वाट बघितली तर नवरानवरी म्हातारी होतील. चला.

गाडी निघाली. आरशात दिसले. काठी वर केली होती.

मला वाटलं, परत आत जातील. कुठे जाणार, माणूस शहाणा असेल तर आत जातो.

संध्याकाळी फोन आला. समोरच्या लेथवाल्याला ते सापडले. घरी नाही. या वळणावर, भिंतीला टेकून बसलेले. शर्टाची इस्त्री मोडली नव्हती. फाटकापासून हे वळण पाऊण किलोमीटर आहे.

गाडीच्या मागे चालत आले होते.

लोकांना मी सांगितलं, अंगणात चक्कर आली. लेथवाल्याला तंबी दिली. आजवर तेच चाललं आहे.

आणि गाडीत चिरंजीवाने बाबांच्या चालण्याचं काढल्यावर मला एक गोष्ट सुचली, जी आधी सुचली नव्हती. या दोन वर्षांत जावयाची ही गाडी या वळणावरून दहा वेळा तरी गेली असेल. पण थांबली कधीच नव्हती. आज कुत्र्यामुळे पहिल्यांदा थांबली.

ब्रेक मारल्याने चाकात काही बिघडलं नव्हतं.

गाडी थांबली, म्हणून ते पोहोचले.

चिरंजीव रडत होता, मोठा बाप्या, तेलकट हाताने डोळे पुसत. सकाळी माझी लेक या गाडीत बसणार होती. तिच्या मांडीवर बाळ. चार तास चाकाशी टक घस, टक घस.

मी दार उघडलं.

मग सरकले. सीटवर आत सरकून डाव्या बाजूला जागा केली. आमच्या सगळ्या संसारात मी कुणासाठी सरकले असेन तर ती पहिली वेळ.

"अहो," मी म्हटलं. "बसा."

काही दिसलं नाही. गारवा आला, वास आला, असलं काही झालं नाही. तसलं ज्याला हवं त्याने दुसऱ्याची गोष्ट वाचावी.

फक्त गाडीची मागची डावी बाजू... हळूच खाली बसली. माणूस बसल्यावर स्प्रिंग दबते तशी.

मी हात लांब करून दार ओढून घेतलं. हात कशालाही लागला नाही. तरी मी तो वळसा घालून नेला.

परत येताना चाकाचा काही आवाज नव्हता.

फाटकात लेक बाळाला घेऊन उभी होती. जावयाने विचारलं, काय निघालं? मी म्हटलं, दुसरा खडा होता. माझ्या शब्दावर कुणी शंका घेत नाही. चिरंजीव तडक मागच्या खोलीत गेला आणि तिथेच बसून राहिला.

सकाळी गाडी निघाली तेव्हा बॅगा सगळ्या उजवीकडे ठेवल्या होत्या. लेक पुढे बसली होती. मागची सीट रिकामी होती.

गाडी डावीकडे दबलेली होती.

मला थांबवता आलं असतं. एक शब्द पुरला असता. पण मग सगळं सांगावं लागलं असतं, भाच्याच्या लग्नाच्या दिवसापासून. माझ्या तोंडून तो एक शब्द निघाला नाही, आणि माझं तोंड कसं आहे ते तुम्ही एव्हाना ओळखलं असेल.

लेक सुखरूप पोहोचली. डोंगर उतरताना ब्रेक हळुवार लागत होते म्हणाली, गाडी कधी नव्हे इतकी सांभाळून चालली. म्हणजे ते लेकीला काही करणार नाहीत, एवढं मला कळलं. ते कुणालाच काही करायचे नाहीत. तोच तर त्यांचा दोष होता.

पण त्याला आता पाच आठवडे झाले. गाडी रिकामी उभी असली तरी डावीकडे दबते. तिकडच्या मेकॅनिकने दोनदा स्प्रिंग बदलली. मशीन लावलं, सगळं हिरवं. जावई फोनवर म्हणतो, आई, तुम्हीच एकदा येऊन कान लावा.

कान कशाला लावायचा? मला माहीत आहे.

बसा म्हटलं, बसले. उतरा असं कुणी म्हटलंच नाही. त्या घरात असं म्हणायचं असतं, ते कुणाला माहीत नाही. आणि माझ्याशिवाय दुसऱ्या कुणी म्हटलं तर ते ऐकायचे नाहीत.

दार मलाच उघडावं लागेल. एवढी अक्कल मला आहे.

पण उतरल्यावर ते कुणाच्या मागे चालतील, तेही मला कळतं.

लेकीचा सकाळी फोन आला. उद्या दुपारपर्यंत गाडी घेऊन पोहोचतो, म्हणाली.

दारातली खुर्ची मी आज आत घेतली आहे. बसा म्हणायला काहीतरी हवं.