‘आग! आग!’ म्हटलं की टाळ्या

“कसला तरी वास येतोय,” टाचणी म्हणाला.

“तुझ्या मोज्यांचा,” वकील म्हणाली.

टाचणी इतका बारीक होता, की हजेरी घेताना बाई आधी त्याला शोधत. वकील त्याची मोठी बहीण. ती झोपेतही हरकत घ्यायची. शंका सगळ्यांत धाकटी. तिला फक्त प्रश्न पडत. सुट्टीत तिघं मामाकडे आली होती. मामाचं थिएटर होतं आणि तिथे भुताचा सिनेमा लागला होता.

“लोक घाबरायला तिकीट का काढतात?” शंकाने सकाळपासून कितव्यांदा तरी विचारलं.

“घाबरायचं तर घरी निकालपत्र असतं ना! तेही फुकट!” टाचणी म्हणाला.

सिनेमा चालावा म्हणून मामा नाना युक्त्या लढवत होता. पडद्यावर भूत आलं की रंगमंचाखालच्या यंत्रातून धूर! मग आगीची घंटा! मग तिकीटवाले काका चादर पांघरून रांगांमधून धावत. कॅन्टीनवाल्या काकू “आग! आग! वाचवा!” असं ओरडत, त्याचा त्यांना वेगळा चहा मिळे. प्रेक्षक किंचाळत आणि मग टाळ्या वाजवत.

पण मामाच्या धुराला कधी वास नसे. आज जळक्या रबराचा वास होता!

तिघांनी रंगमंचाखालच्या जाळीतून आत डोकावलं. यंत्राच्या वायरीतून ठिणग्या उडत होत्या. शेजारी मामाने ‘नंतर बघू’ म्हणून कोंबलेल्या जुन्या गाद्या धुमसत होत्या. आणि तिथल्या दाराला कुलूप!

टाचणीने चादरवाल्या भुताला गाठलं. “काका, किल्ली द्या! गाद्या पेटल्यात!”

“शाब्बास!” चादरीतून आवाज आला. “जरा आणखी रडका आवाज काढ.”

वकील मामाकडे धावली. “मामा, आग लागलीये!”

“अरे वा! मी न सांगता सुरू केलंत?”

“खरी आग!”

“अगदी असंच म्हणायचं!” मामाने तिला बक्षीस म्हणून पेपरमिंटची गोळी दिली.

तिने बंबवाल्यांना फोन केला.

“भुताचं थिएटर ना?” पलीकडचा आवाज म्हणाला. “तुमच्या मामांनी जाहिरातीसाठी दोनदा बंब बोलावला. दुसऱ्यांदा आमचे साहेब चादरवाल्याला बघून जिन्यावरून गडगडले. आता पुरे!”

फोन बंद.

वकीलने घंटा वाजवली. टाळ्या! टाचणीने पडद्यासमोर उभं राहून बोंब ठोकली, “अहो, खरंच आग लागलीये!”

“वन्स मोर!” मागून कोणीतरी ओरडलं.

पहिल्या रांगेत त्यांची मावशी बसली होती, प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून. शंका तिला ओढू लागली. “मावशी, ऊठ ना!”

“गप गं! आता कपाटातून हात येणार आहे!”

घंटा, धूर, किंकाळी, बंब... मामाने सगळंच आधी खोटं करून ठेवलं होतं. खऱ्या आगीसाठी काही शिल्लकच नव्हतं. शंका हमसून हमसून रडू लागली. “काय अभिनय करते हो पोर!” मागच्या बाई म्हणाल्या.

“या लोकांना,” शंकाने हुंदके देत विचारलं, “कशाचीच खरी भीती वाटत नाही का?”

वकील थबकली. “वाटते!”

रंगमंचाच्या कडेला भुताच्या हसण्याचा माईक होता आणि शेजारी दिव्यांची बटणं. वकीलने सगळे दिवे लावले आणि माईक धरला.

“रसिकहो! सिनेमा थांबवून आता मान्यवरांचे सत्कार होतील. मग प्रत्येक मान्यवर मनोगत व्यक्त करतील. अध्यक्षांचं भाषण शेवटी. कृपया कोणीही जाऊ नये!”

थिएटरमध्ये शांतता पसरली. इतकं भेदरलेलं प्रेक्षागृह मामाने कधी पाहिलं नव्हतं!

टाचणीने लगेच माईक घेतला. “दोन शब्द बोलण्याची संधी दिल्याबद्दल आभार. वेळेअभावी मी संस्थेचा फक्त स्थापनेपासूनचा इतिहास...”

लोक उठले! धक्काबुक्की नाही, आरडाओरडा नाही. भाषणातून निघतात तसेच ते निघाले: वाकून, मोबाइल कानाला लावून, नजर चुकवत. चादर गोळा करून भूतही सटकलं.

राहिली एकटी मावशी. धूर तिच्या गुडघ्यांपर्यंत आला होता. आता कुठे तिला तो वास आला. ती उठायला गेली आणि परत खाली बसली. तिघांनी कॅन्टीनची ढकलगाडी आणली, मावशीला तिच्यावर कसंबसं बसवलं आणि दाराकडे पळवली. मागे भप्पकन पडदा पेटला!

बाहेर मामा फोनवर गयावया करत होता, “अहो, या वेळी खरंच...” पलीकडे कोणी ऐकेना. शेवटी बंबवाल्यांना त्यांच्याच खिडकीतून धूर दिसला, म्हणून ते आले. आग विझली. पडदा आणि पुढच्या तीन रांगा गेल्या.

“इतकं शांतपणे रिकामं झालेलं थिएटर मी पहिल्यांदा बघतोय,” लंगडणारे साहेब म्हणाले. “शाब्बास, पोरांनो!”

मामाने तिघांच्या पाठीवर हात ठेवला. “तुम्ही होतात म्हणून...”

शंका ढकलगाडीपाशी गेली. “मावशी, आत तू केवढी किंचाळत होतीस! आता का गप्प?”

मावशीने थिएटरच्या दाराकडे पाहिलं.

“आत... आत मला ठाऊक होतं ना, की सिनेमा संपला की घरी जायचंय.”

तिने शंकाचा हात धरला. इतका घट्ट, की शंकाची बोटं दुखू लागली. पण तिने हात सोडवून घेतला नाही आणि पुढचा प्रश्नही विचारला नाही.