दुसरी गोळी

ठण.

पहिली गोळी सुटली. मग काहीच नाही.

"पाहिलंत, रंभाताई? शनिवारपासून हेच!" मरियमबी रडकुंडीला आली. "मॅनेजर म्हणतो, कमरुद्दीनने रायफल मुद्दाम बिघडवली. व्हिसा खलास, उद्या विमान!"

तिचा नवरा कमरुद्दीन शारजाच्या या नेमबाजी क्लबात रायफली सांभाळायचा. सेमी-ऑटोमॅटिक रायफल. एक गोळी सुटली की बोल्टने, म्हणजे आतल्या सरकत्या दांड्याने, मागे जाऊन रिकामी पुंगळी बाहेर फेकायची, पुढची गोळी आत घ्यायची. बोल्ट मात्र अर्ध्यातच—

अडकत होता.

विमा कंपन्यांसाठी तपास करणाऱ्या रंभाने मान डोलावली. मरियमबीने पिशवीतून बरणी काढली.

"तुमची लोणच्याची. रिकामी कशी परत देऊ? रत्नागिरीचं खोबरेल भरलंय."

पाण्यासारखं नितळ तेल. रंभाचा नवरा मुरलीधर याने बरणी एसीखालच्या टेबलावर ठेवली. हॉलमध्ये हुडहुडी भरत होती. बाहेर ऑगस्ट १९९८चं रणरणतं ऊन.

आधी काडतुसांचा रखवालदार बदरुद्दीन.

"माझ्या गोळ्या खराब? त्याच पेटीतल्या गोळ्या विजयकुमारच्या रायफलीत दणादण चालतात!"

मग मदतनीस विजयकुमार. "मॅडम, तीनदा खोलली. अंगणात, उन्हात. तिथे मक्खन चालते. आत आणून तासभर ठेवली की बंद."

"स्प्रिंग?"

"नवी."

"तेल?"

"हिला कमरूभाई स्वतः घालतात, त्यांच्या डबीतून. माझी डबी वेगळी."

"त्यांची डबी घरी जाते?"

"शुक्रवारी. भाभींच्या शिलाई मशीनला."

मुरलीधर कुजबुजला, "हाच! कमरुद्दीनची नोकरी याला मिळणार."

"अहो, गुन्हेगार असता तर उन्हात चालते हे कशाला सांगेल?"

तीन तासांनी रंभाने सगळ्यांना बोलावलं. मॅनेजर कमरुद्दीनचा पासपोर्ट हातात घेऊनच आला.

"अहो, ती बरणी उघडून उलटी करा."

"अगं, सांडेल!"

"करा हो!"

थेंबही पडला नाही. तेल पांढरंफेक, घट्ट.

"उन्हात पाणी, एसीत मेण," रंभा म्हणाली. "बोल्ट यातच रुततो. गोळ्या ठीक, स्प्रिंग ठीक, दुसरी रायफल ठीक. वेगळी फक्त डबी. मरियमबी, शुक्रवारी मशीनला तेल घालून डबी संपली होती?"

मरियमबीचा हात तोंडावर गेला. "संपली होती. रिकामी डबी परत कशी पाठवू? घरातलं चांगलं खोबरेल भरलं!"

"मरियम!" कमरुद्दीन कपाळ धरून खाली बसला.

विजयकुमारने बोल्ट पुसून काढला, आपल्या डबीतलं तेल घातलं. तासभर रायफल एसीतच. मग त्याने चाप ओढला.

ठण. ठण. ठण. ठण. ठण!

मॅनेजरने पासपोर्ट पुन्हा ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये टाकला; उद्याचं विमान रद्द.

"आता डबी रिकामीच देईन," मरियमबीने डोळे पुसले. मग जरा थांबून, "चार दाणे साखर घातली तर?"

"नको!" सगळे एकदम ओरडले.